रुपयाचे आणे सोळाच

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकाच्या या सदरात बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरील अपघातांविषयी वाचकांची बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, केळी भरून बेफाम निघालेल्या गाड्या, कानाशी मोबाइल धरून मोटारसायकल चालवणारी मुले, वळणावर ओव्हरटेक करणारे काळी-पिवळीवाले, अशा तक्रारी त्यांत होत्या आणि त्या रस्त्यावर रोज ये-जा करणारा माणूस म्हणून मी सांगतो की त्या खऱ्या होत्या. मात्र ती पत्रे एकापाठोपाठ एक वाचताना एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. एकाही पत्रात "माझे वाहन चालवणे सदोष आहे" असे वाक्य नव्हते. रस्त्यावर इतकी माणसे चुकतात, पण चुकणाऱ्यांपैकी कोणीच आपल्या दैनिकाला पत्र लिहीत नाही, असे तर होणार नाही. मीही यापूर्वी असेच एक पत्र लिहून ठेवले होते आणि त्यातही सगळा दोष दुसऱ्यांचाच होता. म्हणून ते न पाठवता हे लिहीत आहे.

आपण इतरांपेक्षा बरे आहोत असे बहुतेकांना का वाटते, हा प्रश्न मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी फार बारकाईने हाताळला आहे, आणि योगायोगाने त्यातला एक प्रसिद्ध अभ्यास वाहनचालकांचाच आहे. ओला स्वेन्सन या संशोधकाने स्वीडनमधील आणि अमेरिकेतील विद्यार्थ्यांना त्यांच्या गटातील इतरांच्या तुलनेत स्वतःला कुठे ठेवाल असे विचारले आणि १९८१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपण निम्म्या लोकांपेक्षा अधिक कुशल चालक आहोत असे अमेरिकेतील ९३ टक्क्यांना आणि स्वीडनमधील ६९ टक्क्यांना वाटत होते. सुरक्षितपणे चालवण्याच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे ८८ आणि ७७ टक्के होते.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, त्यामुळे येथे एक खुलासा केल्याशिवाय पुढे जाववत नाही. "सगळेच सरासरीच्या वर कसे असतील?" असा प्रश्न अनेकदा विचारला जातो, पण तो प्रश्न जसाच्या तसा बरोबर नाही. दहा केळी उत्पादकांपैकी नऊ जणांची रास, म्हणजे केळीच्या घडाचे वजन, २२ किलोची निघाली आणि दहाव्याच्या बागेवर रोग पडून त्याची रास ५ किलोवर आली, तर सरासरी २०.३ किलो येते आणि दहापैकी नऊ जण खरोखरच सरासरीच्या वर असतात. त्यात कोणाचीही चूक नसते. मध्यकाचे मात्र तसे नाही. माणसे ओळीने उभी करून मधोमध रेघ ओढली, तर त्या रेघेच्या पुढे निम्म्याहून अधिक माणसे कोणत्याही उपायाने बसत नाहीत. स्वेन्सन यांनी विचारले होते ते निम्म्या लोकांपेक्षा पुढे आहात की मागे, असे. तेव्हा त्या ९३ टक्क्यांतल्या बऱ्याच जणांचा स्वतःविषयीचा अंदाज चुकलेलाच होता.

हा अंदाज का चुकतो, याला आपल्याकडे तयार उत्तर आहे: अहंकार. कीर्तनात, शाळेच्या परिपाठात, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आपण हेच ऐकत आलो. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि असे का वाटते हे सांगण्यासाठी आमच्या घरातला एक प्रसंग सांगावा लागेल.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमची केळी आणि कपाशी मिळून सामायिक शेती होती. थोरला भाऊ पूर्ण वेळ शेतीत आणि मी शाळा सांभाळून. त्या हिवाळ्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती. बारा वाजता वीज आली की विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा, तासाभराने उठून व्हॉल्व फिरवायचा, ठिबकची नळी उंदराने कुरतडली असेल तर बॅटरीच्या उजेडात जोड बसवायचा, आणि सकाळी डोळे चोळत शाळेत जाऊन फळ्यासमोर उभे राहायचे. ही पाळी माझ्याकडे होती. वाटणीची बोलणी निघाली तेव्हा कोणी किती राबले यावरून आम्हा दोघांत शब्द वाढला. माय ओसरीवर वाती वळत बसली होती. तिने आधी दादाला विचारले की रुपयातले किती आणे काम तुझे. दादाने बारा आणे सांगितले. मग तिने मला विचारले. मी आठ आणे सांगितले, आणि ते सांगताना मी हात राखूनच बोलतो आहे अशी माझी खात्री होती.

माय हातातली वात खाली ठेवून म्हणाली, "रुपयामा ते सोळाच आना ऱ्हातस ना रे भाऊ?"

आम्ही गप्प झालो. मग तिने जे विचारले ते मला आजही विसरता येत नाही. "आनि आमनं? सालदारनं?" निंदणी, कपाशीची वेचणी, दोन वेळच्या भाकऱ्या थापून शेतात पोहोचवणे हे सगळे माय, वहिनी आणि माझी पत्नी करत होत्या. आमचा सालदार अक्षय तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत वर्षभर राबत होता. आम्ही दोघांनी मिळून वीस आणे वाटून घेतले होते आणि त्या चौघांना एक आणासुद्धा ठेवला नव्हता.

दादा खोटे बोलला नव्हता आणि मीही बोललो नव्हतो. मला माझ्या थंडीतल्या रात्री एकेक करून आठवत होत्या. खतासाठी दादाने रांगेत काढलेले दिवस, कापणीसाठी व्यापाऱ्यामागे घातलेल्या चकरा, सोसायटीच्या कर्जाचे नवे-जुने करताना ऐकून घेतलेले बोलणे, हे सगळे माझ्यासाठी "दादा गावाला गेला आहे" एवढ्या एका वाक्यात संपत होते. त्याच्यासाठी माझ्या रात्री "मोटर चालू होती" एवढ्याच होत्या. आपले कष्ट आपल्याला आतून, तासातासाने माहीत असतात, तर दुसऱ्याचे केवळ झालेले काम दिसते, आणि पुष्कळदा तेही दिसत नाही.

पुढे वाचनात आले की मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन संशोधकांनी १९७९ साली हीच गोष्ट नवरा-बायकोंच्या बाबतीत दाखवून दिली होती. घरातल्या कामांपैकी तुमचा वाटा किती, असे दोघांना वेगवेगळे विचारले, तर बहुतेक जोडप्यांच्या उत्तरांची बेरीज शंभराच्या वर जात होती. या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. ही जास्तीची बेरीज केवळ कौतुकाच्या कामांत नव्हती, भांडण उकरून काढण्यासारख्या न शोभणाऱ्या गोष्टींतही ती आढळली. केवळ गर्व हेच कारण असते, तर वाईट गोष्टीतला आपला वाटा माणसाने कमी करून सांगितला असता. म्हणजे अहंकाराच्या आधी आठवणीचा दोष आहे. नम्र व्हा असा उपदेश कितीही केला तरी न पाहिलेल्या गोष्टी आठवू लागत नाहीत, आणि म्हणूनच या बाबतीत उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण मापाचे आहे. ज्या गुणाला ठरलेले माप नाही, त्याचे माप प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. डेव्हिड डनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हेच दाखवले की गुण जितका मोघम, तितके माणसाचे स्वतःविषयीचे मत उंच, आणि गुणाची व्याख्या नेमकी ठरवून दिली की ते खाली येते. आपल्या खानदेशात भरताची गोष्ट घ्या. कोणाच्या मते वांगे बामणोदचेच हवे, कोणाच्या मते ते पऱ्हाट्यांच्या जाळावरच भाजले पाहिजे, कोणी मिरची-लसणाच्या ठेच्यावर सगळे श्रेय ठेवतो, आणि शेवटी प्रत्येक घरातले भरीत त्या त्या घराच्या मापाने पहिले येते. भरताच्या बाबतीत याने कोणाचे काही बिघडत नाही. "चांगला ड्रायव्हर" या शब्दांच्या बाबतीत मात्र जीव जातात, कारण ज्याला सावकाश चालवणे जमते तो सावकाशपणाला कौशल्य म्हणतो आणि ज्याला दोन ट्रकांच्या मधून गाडी काढणे जमते तो त्यालाच कौशल्य म्हणतो, आणि दोघेही एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात. केळीच्या बाबतीत असे होत नाही, कारण तेथे काटा आहे. कापणीच्या आदल्या रात्री पारावर कोणी कितीही किलोची रास सांगितली, तरी दुसऱ्या दिवशी गाडी काट्यावर चढली की आकडा सगळ्यांसमोर येतो. काटा बरोबर आहे की नाही याबद्दल भांडण होईल, पण माझा काटा वेगळा आणि तुझा वेगळा असे कोणी म्हणत नाही.

आता या विषयाची जी बाजू क्वचितच बोलली जाते, ती मला शिक्षक म्हणून अधिक जवळची आहे. माणूस नेहमी स्वतःला वरचाच समजतो असे नाही. जस्टिन क्रूगर यांनी १९९९ साली दाखवले की सायकल चालवण्यासारख्या सोप्या कामांत बहुतेक जण आपल्याला इतरांहून वरचढ समजतात, पण बुद्धिबळ किंवा संगणकाचे प्रोग्रॅमिंग यांसारख्या अवघड कामांत बहुतेक जण आपल्याला इतरांहून कमी समजतात. कारण दोन्हीकडे एकच आहे. माणूस स्वतःला जमते की नाही एवढेच पाहतो आणि इतरांना ते कितपत जमते याचा हिशेब करायचे विसरतो.

माझ्या वर्गात मी हे वर्षानुवर्षे पाहिले, पण मला त्याचा अर्थ फार उशिरा कळला. आठवीला बीजगणित सुरू झाले की वर्ग शांत होत असे. "समजलं का?" या प्रश्नाला सगळा वर्ग मान हलवी. त्यांत घरी अहिराणी बोलणारी मुले असत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणारी, घरी पावरी बोलणारी मुले असत, आणि त्या मुलांसाठी पुस्तकातली मराठी हीच आधी एक परकी भाषा असे. एके दिवशी मी नावे न घालता चिठ्ठ्यांवर काय समजले नाही ते लिहायला सांगितले आणि त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला घेतल्या. जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत तेच होते: चिन्ह समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर का बदलते, हे कळत नाही. सहाव्या-सातव्या चिठ्ठीनंतर मुले मागे वळून एकमेकांकडे पाहू लागली. आपल्या एकट्यालाच येत नाही असे प्रत्येकाला वाटत होते आणि बाकी सगळ्यांच्या हललेल्या माना पाहून ती समजूत रोज पक्की होत होती. त्यांच्यासारखीच काही मुले त्याआधीच्या वर्षांत "गणित आपलं काम नव्हे" असे ठरवून शाळा सोडून गेली होती. ती मुले इतरांहून कच्ची नव्हती, आणि त्यांना हे वेळेवर सांगायला मी कमी पडलो याचे मला फार वाईट वाटते.

हेच आपल्या बोलीच्या बाबतीतही घडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुले पुण्याला शिकायला गेली की पहिले सहा महिने तोंड उघडत नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्यावरून समोरच्याला आपण वरचढ असल्याची खात्री पटते. दोन्ही समजुती एकमेकींवर पोसल्या जातात.

डनिंग आणि क्रूगर यांच्या १९९९ सालच्या दुसऱ्या अभ्यासाचा हल्ली फार गैरवापर होतो, म्हणून त्याबद्दलही लिहितो. तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्यांत सर्वांत खालच्या चौथ्या हिश्शातील विद्यार्थी प्रत्यक्षात शंभरात खालून सरासरी बाराव्या पायरीवर होते, पण स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होते. "मूर्खाला आपला मूर्खपणा कळत नाही" अशा शब्दांत हा निष्कर्ष व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि प्रत्येक जण तो दुसऱ्याला उद्देशून पाठवतो. ज्या कौशल्याने काम नीट होते त्याच कौशल्याने चूकही ओळखता येते, ते नसेल तर दोन्ही राहून जाते, एवढेच त्या संशोधकांचे म्हणणे होते. शिवाय त्याच अभ्यासात सर्वांत वरचे विद्यार्थी स्वतःला खऱ्यापेक्षा थोडे खाली धरत होते, कारण आपल्याला सोपे गेले तसे इतरांनाही गेले असेल असे त्यांना वाटत होते. त्यांना इतरांचे सोडवलेले पेपर दाखवले तेव्हा त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज सुधारला. खालच्यांचा मात्र इतरांचे पेपर पाहूनही सुधारला नाही, त्यांना आधी ते कौशल्य शिकवावे लागले. शिकवल्यावर आपण कच्चे होतो हे त्यांनी मान्य केले. शिक्षकाला यापेक्षा आशादायक काय असू शकते?

गावकीच्या कामांना लागू पडेल असा आणखी एक प्रयोग आहे. निकोलस एप्ली आणि डनिंग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कर्करोगाविरुद्धच्या मदतनिधीसाठी फुले विकली जाणार होती. तुम्ही फूल घ्याल का, असे आधी विचारल्यावर ८३ टक्के विद्यार्थ्यांनी हो सांगितले, आणि इतरांपैकी किती घेतील याचा त्यांचा अंदाज ५६ टक्के होता. प्रत्यक्षात ४३ टक्क्यांनी घेतले. इतरांविषयीचा अंदाज सत्याच्या बराच जवळ होता, फसला तो स्वतःविषयीचा. आमच्या गावात नाला खोलीकरणाच्या श्रमदानासाठी ग्रामसभा भरली, तेव्हा "मी येईन, पण बाकीचे येणार नाहीत" असे म्हणणारे पुष्कळ होते. सकाळी घमेली उरली आणि हात कमी पडले. बाकीच्यांविषयी सगळ्यांनी बरोबर सांगितले होते, आणि ते बाकीचे म्हणजे आम्हीच होतो.

इंग्लंडमधील एका तुरुंगातल्या कैद्यांनी, २०१४ सालच्या एका अभ्यासात, आपण बाहेरच्या सामान्य नागरिकांपेक्षा अधिक दयाळू आणि विश्वासार्ह आहोत असे सांगितले होते. कायदा पाळण्याच्या बाबतीत तेवढे त्यांनी स्वतःला बाहेरच्यांच्या बरोबरीचे धरले. हे वाचून हसू येऊ नये अशी माझी विनंती आहे, कारण एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की या दोषाची संपूर्ण माहिती वाचून झाल्यावरही बहुतेक जण आपल्याला स्वतःविषयीचे खरे तेच दिसते असे म्हणत राहतात. माहितीने हा दोष जात नाही. तो मोजणीने मात्र उघडा पडतो, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

मी गेली पस्तीस वर्षे दुचाकी चालवतो आणि आजवर माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही, हा माझ्या चांगल्या चालवण्याचा पुरावा आहे असे मी धरून चाललो होतो. पण अपघात क्वचितच होतो, आणि चूक केल्यावर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. त्यामुळे रस्ता आपल्याला आपली चूक दाखवत नाही, समोरच्याने ब्रेक दाबून आपल्याला वाचवले हेही पुष्कळदा कळत नाही. म्हणून गेल्या पंधरवड्यात सात दिवस मी खिशात एक कागद ठेवला आणि नियम मोडला की गाडी थांबवून त्यावर एक रेघ ओढायची असे ठरवले. दुभाजकातले वळण लांब पडते म्हणून पेट्रोल पंपाच्या बाजूने उलट्या दिशेने चार वेळा आलो. सिग्नल न देता वळलो तीन वेळा. बाजारच्या दिवशी हेल्मेट हँडलला अडकवून दोन वेळा. चालत्या गाडीवर फोन घेतला एकदा, आणि अंधार पडल्यावर दिवा न लावता शेतातून मुख्य रस्त्यावर चढलो एकदा. अशाच बिनदिव्याच्या ट्रॉल्यांबद्दल मी आपल्याला न पाठवलेले ते पत्र लिहिले होते.

तेव्हा माझी एक विनंती आहे. रस्त्याविषयी यापुढे येणाऱ्या पत्रांत, तक्रारीच्या आधी लेखकाने स्वतःच्या सात दिवसांच्या रेघा लिहाव्यात असे आपण वाचकांना सुचवावे, आणि अशी पत्रे नाव न छापताही घ्यावीत. माझ्या रेघा अकरा आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव